अध्यक्षांच्या कानातले खडे

भटू बोरसेने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. हे सुरतेत सांगून कुणाला पटत नसे. गुजरातमध्ये दारूबंदी होती. म्हणजे सुरतेच्या बमरोली वस्तीतल्या कारीगराला दारूसाठी रस्ता ओलांडून पलीकडच्या गल्लीत जावं लागे. एवढी सोय असूनही भटू पीत नव्हता. त्यामागे काही थोर विचार नव्हता. त्याला वास सोसत नसे.

एवढ्या भांडवलावर तो जागृती व्यसनमुक्ती मंडळाचा अध्यक्ष झाला. मंडळात भाषण करणारे होते, वर्गणी जमवणारे होते, हार आणणारे होते. न पिणारा कोण, हे शोधायला निघाले तेव्हा भटू सापडला. लोकांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. मंडळ निघून बरीच वर्षं झाली होती. तेवढ्या काळात एकाचीही दारू सुटली नव्हती. फलक मात्र दर वर्षी नवा रंगवला जाई.

शिंदखेड्याकडून सुरतेला आला तेव्हा तो विशीत होता. लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, लागला. पहिले काही महिने घरी आल्यावरही भिंती खटखटत. मग ते थांबलं. भटूला वाटलं, कान सरावले. कान सरावले नव्हते, ते कामातून गेले होते. पण हे सांगायला कुणी आलं नाही, आणि आलं असतं तरी ऐकू गेलं नसतं. खात्यात सगळे ओठांवरून बोलणं वाचत. दोन ओळी पलीकडचा माणूस शेठला शिव्या देतोय की जेवायला बोलावतोय, हे भटूला त्याच्या तोंडाकडे बघून कळे. घरी आले की सगळे ओरडून बोलत. नवरा-बायकोची कुजबुज चार घरांत ऐकू जाई. बमरोलीत बहिरेपणाला कुणी आजार म्हणत नसे. तो नोकरीबरोबर मिळे, जसा इतरांना बोनस मिळतो.

अशा माणसाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. गायत्री बारावी होऊन एका साडीच्या दुकानात हिशेबाचं काम करत होती. मुलगा कुंदन देवरे. सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिशियन. त्याचा बाप किसन देवरे तिथेच रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर होता. संक्रांतीनंतर सुपारी फुटली. लग्न आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास धरलं. सत्त्याण्णव साल होतं. प्लेग येऊन गेला होता, रस्ते धुऊन निघाले होते, आणि शहर आपण स्वच्छ आहोत हे एकमेकांना सांगत होतं. भटूला वाटत होतं, आपलंही बरं चाललंय.

मग एका सकाळी तो उजव्या कुशीवर वळला आणि घर फिरलं.

नुसतं डोकं गरगरलं असं नव्हे. कपाट, देवाचा फोटो, दोरीवरची लुगडी, सगळं ओळीनं एका बाजूला धावत सुटलं. भटूने खाटेची कड दोन्ही हातांनी धरली. क्षणभराने घर थांबलं. त्याने डोळे मिटले, उघडले. सगळं जागेवर होतं, आपण काही केलंच नाही अशा चेहऱ्याने. त्याने पुन्हा उजवीकडे वळून पाहिलं. घर पुन्हा निघालं.

बायकोला, मंगलाबाईला, त्याने काही सांगितलं नाही. लग्नघरात बापाने आजारी पडायचं नसतं. चार दिवस तो मान ताठ ठेवून वावरला. खाली वाकला नाही, वर पाहिलं नाही. खात्यातले म्हणाले, अध्यक्षांना आता मुलीच्या लग्नाचा ताठा आलाय.

पाचव्या दिवशी मंडळाचा नवा फलक आला. समाजाच्या वाडीच्या, म्हणजे सभागृहाच्या, दारावर तो बांधायचा होता. फलकावर लिहिलं होतं, दारू सोडा, संसार जोडा. स्टुलावर चढायला बरेच तरुण तयार होते, पण हा मान अध्यक्षांचा. भटू चढला. वरचा खिळा बघायला त्याने मान मागे टाकली. त्याबरोबर दार, वाडी आणि आभाळ तिन्ही फिरायला लागले. भटूने धरायला जे सापडलं ते धरलं. सापडला तो फलक. दोघे मिळून खाली आले.

लोक धावले. धावणाऱ्यांनी आधी त्याचं तोंड हुंगलं, मग डोकं फुटलंय का ते पाहिलं. सगळ्यांत पुढे सुकलाल होता. सुकलाल भटूच्या शेजारच्या खोलीतला. त्या गल्लीत दारूच्या बाबतीत त्याच्या शब्दाला किंमत होती.

"वास नाही," सुकलाल म्हणाला. त्याचा आवाज जरा उतरला होता.

"महागातली असेल," मागून कुणीतरी म्हणालं. "तिला वास नसतो."

तेवढ्यात एका म्हातारीने पायातली चप्पल काढून भटूच्या नाकाला लावली. तिच्या गावी मिरगी आलेल्या माणसाला असंच करत. भटूला मिरगी नव्हती, पण चप्पल जुनी होती. तो ताडकन उठून बसला. उपाय लागू पडला, म्हणजे आजार तोच, असं निम्म्या लोकांनी मनाशी पक्कं केलं. संध्याकाळपर्यंत बमरोलीत दोन पक्ष पडले. एक दारूचा, एक मिरगीचा. तिसरा पक्ष काढायला कुणाला सुचलं नाही. दोन पुरेसे रंगले होते.

भटू चौकातल्या दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरने नाडी धरली, बाटली चढवली आणि अशक्तपणा आहे असं सांगितलं. त्या दवाखान्यात मोडलेल्या हातालाही बाटलीच चढवत. भटू ती पूर्ण संपवून घरी आला. वाटेत दोनदा विजेच्या खांबाला मिठी मारली. दारूच्या पक्षाला नवे सभासद मिळाले.

रविवारी किसन देवरे आला. तो एकटाच आला, यातच काय ते कळत होतं. सोयरा चहाला येतो तेव्हा बायकोला घेऊन येतो. मोडायला येतो तेव्हा एकटा येतो.

चहा झाला. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग किसनने सरळ विषयाला हात घातला. भटूशी नाही, मंगलाबाईशी. तो उठून चुलीजवळ जाऊन बसला आणि हळू आवाजात बोलू लागला. भटू दाराशी होता. एक शब्द ऐकू येत नव्हता. पण उजेड चांगला होता आणि त्याला किसनचे ओठ दिसत होते.

किसन सांगत होता की त्याच्या पुतण्याचं लग्न असंच ठरलं होतं. नवरीच्या मामाला फिट येते असं कळलं आणि घरच्या बायकांनी सुपारी परत केली. किसनलाही ते पटलं होतं. त्याला भटूबद्दल काही म्हणायचं नव्हतं. पण खरं काय ते त्याला आजच हवं होतं.

"दारूनं काही नही," किसन म्हणाला. "दारू सुटी जास. मिरगी रगतमा येस." म्हणजे रक्तातून पुढच्या पिढीत उतरते.

मंगलाबाई चुलीकडे बघत होती. भटूला वाटलं, आता ती सांगेल. बावीस वर्षं जिने त्याच्या तोंडाचा वास घेतला, त्या बाईइतका साक्षीदार दुसरा कोण होता? ती आता देवाशपथ सांगेल की या माणसाने कधी काही घेतलं नाही.

मंगलाबाईने मान वर केली.

"पेतस," ती म्हणाली.

भटूने ते तिच्या ओठांवर वाचलं. पितात. एकच शब्द. तो त्याला खात्यातले सगळे लूम चालू असतानाही कळला असता.

मंगलाबाई पुढे सांगत गेली. लग्नाची काळजी, शेठचा त्रास, वाईट संगत. संगत म्हणून तिने सुकलालचं नाव घेतलं. सुकलालला काही नवीन नव्हतं. किसन देवरेच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होत गेला. मग तो उठला, भटूजवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून व्याह्याच्या हक्काने म्हणाला, "याही, लग्नापर्यंत सोडा. बस, एवढंच." त्याने हे अशा मायेने म्हटलं की भटूच्या डोळ्यांत पाणी आलं. किसनला तो पश्चात्ताप वाटला.

तो गेल्यावर भटूने बायकोला विचारलं, हे काय केलंस? ती भांडी घासायला बसली होती. तिने वर पाहिलंही नाही.

"तुम्ही एकटे बदनाम झालात," ती म्हणाली. "मिरगी म्हटलं असतं तर पोरगी झाली असती. तिच्यामागे तिची पोरं झाली असती."

सकाळी उठून भटू डाव्या कुशीने खाटेवरून उतरला आणि कामावर गेला.

मंडळाने तातडीची बैठक घेतली. अध्यक्षांना काढायचं, यावर एकमत होतं. पण नवा अध्यक्ष कोण, यावर बैठक अडली. जे नाव निघे त्या नावाचा माणूस स्वतःच खाली बघे. शेवटी अध्यक्षपद तूर्त भटूकडेच ठेवावं, फक्त त्याने फलकाला हात लावू नये, असं ठरलं.

गायत्री मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. आपला बाप पीत नाही हे तिला ठाऊक होतं. त्याला मिरगी नाही हेही तिला वाटत होतं. तिच्या दुकानातल्या एका गुजराती बाईच्या सासूला असंच घर फिरे. त्या सासूला कानाच्या डॉक्टरने बरं केलं होतं. कानाच्या? भटूला हसू आलं. घर फिरतं डोक्यात, आणि ही कान दाखवायला नेते. पण पोरगी सासरी जाणार होती. तिचं मन मोडू नये म्हणून तो गेला.

डॉक्टर बाई तरुण होती. डॉ. जरीवाला. नुकतीच मुंबईहून शिकून आलेली. तिने भटूला टेबलावर बसवलं, त्याची मान उजवीकडे वळवली आणि त्याला झटकन मागे आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली. घर फिरलं. दवाखाना फिरला. भटूने डॉक्टरबाईचा हात घट्ट धरला. ती त्याच्या डोळ्यांत बघत होती. त्याचे डोळे आपोआप झटके देत होते. डॉक्टरबाईला भलताच आनंद झाला. इतक्या दिवसांत भटूला पाहून खूश होणारं ते पहिलंच माणूस.

मग तिने सांगितलं. थोडं हिंदीत, थोडं गुजरातीत, थोडं गायत्रीमार्फत.

कानाच्या आत, हाडात कोरलेली एक खोली असते. तिचे दोन भाग. एक शंखासारखा वळलेला. तो ऐकतो. दुसऱ्या भागात तीन वाकड्या नळ्या असतात, बांगडीच्या तुकड्यांसारख्या. त्यांच्यात पाणी असतं. डोकं हललं की पाणी मागे रेंगाळतं आणि नळीच्या तोंडाशी असलेल्या बारीक केसांना ढकलतं. त्यावरून मेंदूला कळतं, आपण फिरलो. नळ्यांशेजारी एक चिकट गादी असते. तिच्यावर खडूच्या कणांसारखे खडे चिकटलेले असतात. डोळ्यांना न दिसणारे. वर कुठे, खाली कुठे, हे त्यांच्या भाराने कळतं. वय झालं, डोक्याला मार बसला, किंवा काहीच कारण नसलं, तरी कधीकधी काही खडे गादीवरून सुटतात आणि एखाद्या नळीत घरंगळतात. मग माणूस कुशीवर वळला की खडे पाण्याला ढकलत जातात. डोकं थांबतं, खडे थांबत नाहीत. कान मेंदूला कळवतो, अजून फिरतोय. डोळे सांगतात, कुठे फिरतोय? मेंदू बिचारा दोघांच्या भांडणात सापडतो.

भटूला हे पटकन समजलं. लूमवर एक काटा असतो. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की तो काटा लूम थांबवतो. काट्यात धाग्याच्या भुशाचं फुसकं अडकलं की धागा शाबूत असूनही लूम थांबतो. कारीगर लूमला शिव्या देतो. दोष फुसक्याचा.

"म्हणजे कचरा," भटू म्हणाला.

"कचरा नहीं, अपना ही माल है," डॉक्टरबाई म्हणाली. "बस गलत जगह चला गया."

मग तिने उपाय केला. भटू आडवाच होता. तिने त्याचं डोकं धरून थोडा वेळ तसंच ठेवलं. मग हळूच डावीकडे वळवलं. थांबली. मग त्याला डाव्या कुशीवर केलं, नाक जमिनीकडे. पुन्हा थांबली. मग उठवून बसवलं. ना गोळी, ना सुई. खडे वळणावळणाने घरंगळत नळीबाहेर पडले होते, असं तिचं म्हणणं होतं. थोड्या वेळाने तिने त्याला पुन्हा उजवीकडे आडवं केलं. भटूने डोळे गच्च मिटले. मग एक उघडला. छताचा पंखा जागेवर होता.

बाटली नाही, औषध नाही, आणि बरा? भटूला थोडं फसवल्यासारखं वाटलं.

मग तिने त्याच्या कानांवर टोप्या चढवल्या आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. भटू बराच वेळ बटण धरून बसला. आवाज येईचना. शेवटी तिने टोप्या काढल्या. आता तिचा चेहरा गंभीर झाला होता. ऐकणाऱ्या शंखातही बारीक केस असतात, ते झोपलेत, ती म्हणाली, सतत तुडवलेल्या गवतासारखे. ते परत उभे राहणार नाहीत. बारीक आवाज कायमचे गेले. पक्ष्यांचे, सायकलच्या घंटीचे. उरलेलं वाचवायचं तर कानात बोळे घालून काम करा.

भटूने हात हलवला. "ते राहू द्या," तो म्हणाला. "ते सगळ्यांचंच आहे."

जे कधीच बरं होणार नव्हतं त्याची या माणसाला खंत नव्हती. जे चुटकीसरशी बरं झालं त्याने मुलीची सोयरीक मोडायला आणली होती. बाईला हे कुणी सांगितलं नाही, ते बरं झालं.

घरी येताना भटू सरळ चालला. गायत्री त्याच्यापुढे नाचतच होती. आता सगळ्यांना सांगायचं, देवऱ्यांनाही सांगायचं, पप्पांना कानाचा आजार होता आणि तो बरा झाला.

मंगलाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं. "पुन्हा होणार नाही असं म्हणाली का ती?"

गायत्रीने नाही म्हणून मान हलवली. डॉक्टरबाई म्हणाली होती की खडे पुन्हा सुटू शकतात. सुटले तर या, पुन्हा बसवू.

"मग?" मंगलाबाई म्हणाली. "दारू सुटली की सुटली. हे तुमचं पुन्हा येणार. कानात खडे आहेत म्हणून कोण ऐकून घेईल? लोक म्हणतील, मिरगीला नवं नाव काढलं."

भटू म्हणाला, पण हे खरं आहे. मंगलाबाई म्हणाली, खरं असेना. खऱ्याची पंचाईत अशी की ते सांगायला डॉक्टर लागतो. दारू सगळ्यांना आपोआप समजते. गायत्रीने तोंड उघडलं. मग तिला कुंदनचा चेहरा आठवला असावा. तिने ते मिटलं.

भटू सरळ चालतो हे बमरोलीने पाहिलं. खांबांना मिठ्या मारणं बंद झालं. लोकांनी अर्थ लावला. अध्यक्षांनी सोडली.

मंडळात आनंदाची लाट आली. इतक्या वर्षांत पहिला माणूस. तोही घरचा, म्हणजे प्रवासखर्च नाही. ज्यांनी त्याला काढायला हात वर केले होते त्यांनीच जाहीर सत्काराचा ठराव मांडला. मंडळाच्या प्रयत्नांना यश आल्याचं त्यात लिहिलं. काय प्रयत्न केले, ते कुणी विचारलं नाही. प्रमुख पाहुणे म्हणून किसन देवरेला बोलावलं. सत्कारानंतर भटूने मनोगत सांगायचं होतं, मी दारू कशी सोडली.

भटूपुढे अडचण उभी राहिली. दारू सोडायची कशी, हे नंतर. आधी पितात कशी, तेच त्याला ठाऊक नव्हतं. तो सुकलालकडे गेला.

सुकलालने त्याला आत घेतलं आणि बसवलं.

"जिभाऊ," तो म्हणाला, "तुम्ही पीत नाहीत. मला काय सांगता? इतकी वर्षं मी रस्ता ओलांडतोय. तिथे कोण येतं, कोण नाही, माले ठाऊक शे."

भटूने सगळं सांगितलं. खडे, नळ्या, मंगलाबाई, मिरगी. सुकलालने खड्यांचं ऐकताना मान हलवली, पण त्याला ते पटलं असं दिसलं नाही. मुलीचं ऐकलं तेव्हा तो सरळ बसला. मंगलाबाईने संगत म्हणून त्याचं नाव घेतलं होतं, याबद्दल त्याने काही मनात धरलं नाही. उलट त्याला जरा बरंच वाटलं. गल्लीत त्याच्यावर कुणी जबाबदारी टाकत नसे.

त्याने शिकवायला घेतलं. दारू पोटलीत येते. पोटली म्हणजे प्लास्टिकची छोटी पिशवी, तोंडाला गाठ. कोपरा दातांनी तोडायचा. नाक धरायचं नाही, शिकाऊ वाटतं. पहिल्या पोटलीला घसा जळतो, दुसरीला मेव्हण्याची आठवण येते. घरी जाताना खिशात कांदा ठेवायचा. भटू मन लावून ऐकत होता. मात्र सुकलालला बोलताना मिशा चावायची सवय होती. ओठ झाकले जात. भटूला अर्धंच कळलं. पुन्हा विचारायला त्याला लाज वाटली.

सत्काराच्या दिवशी वाडी भरली. पुढे बायका, मग मंडळाचे लोक, आणि शेवटच्या रांगेत ते सगळे ज्यांच्यासाठी मंडळ होतं. मंचावर किसन देवरे नवा सदरा घालून बसला होता. त्याने भटूला शाल पांघरली. श्रीफळ दिलं. भटू माईकपुढे उभा राहिला.

त्याने सुरुवात बरी केली. वाईट दिवस, घरची उपासमार. मंगलाबाईने पदराने डोळे टिपले. ती मनापासून रडत होती. नवऱ्याच्या दारूचे हाल ती आता पुरते भोगू लागली होती. मग भटू तपशिलात शिरला. मी रोज संध्याकाळी जायचो, तो म्हणाला. बाटली घ्यायचो. बूच काढायचो. कपात ओतायचो, थोडं पाणी, थोडी साखर.

शेवटची रांग सावरून बसली. साखर? त्या गल्लीत कुणी बूच पाहिलं नव्हतं. दोन-तीन माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाचे खांदे हलायला लागले. तो आता मोठ्याने हसणार, एवढ्यात सुकलाल उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. त्याने शेजाऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं. शेजाऱ्याने टाळ्या वाजवल्या. मग सगळी रांग उभी राहिली. मंडळाच्या लोकांना वाटलं, पिणाऱ्यांचं हृदयपरिवर्तन झालं. त्यांनी लगेच वर्गणीचा डबा फिरवला.

भटू खुर्चीत येऊन बसला. घामाने शाल भिजली होती. शेजारी किसन देवरे हसत नव्हता. त्याने टाळ्याही वाजवल्या नव्हत्या. स्पीकरवर भक्तिगीत लागलं होतं, इतकं मोठ्याने की मंच हादरत होता. किसन भटूकडे वळला. इतकी वर्षं बॉयलरशेजारी काढलेल्या माणसाला आवाजाशिवाय बोलता येत होतं.

"पोटलीला बूच नसतं, याही," त्याचे ओठ म्हणाले. "तुम्ही पीत नाहीत."

भटूला वाटलं, संपलं. समोर पहिल्या रांगेत गायत्री बसली होती. कुंदनने दिलेलं घड्याळ हातात घालून आली होती. भटूला शपथ घेऊन खोटं बोलायचं होतं, पण आता काय खोटं बोलायचं तेही सुचेना.

"मग काय होतं?" किसनने विचारलं.

"कान," भटू म्हणाला. "कानात खडे सुटतात. डॉक्टरने बसवले. मिरगी नाही. खरंच नाही."

किसनने मंचाखाली एकदा नजर फिरवली. मग त्याने पुन्हा तोंड वळवलं.

"उजव्या कुशीवर वळलं की?"

भटूने मान हलवली.

"वर पाहिलं की?"

भटूने पुन्हा मान हलवली.

"मना डावा शे," किसन म्हणाला.

भटूला वाटलं आपण चुकीचं वाचलं. त्याने पुन्हा सांगायची खूण केली. किसनने पुन्हा सांगितलं. डावा कान. दोन वर्षं झाली. बॉयलरच्या शिडीवरून एकदा पडला होता. त्याच्याही घरी पोरगं लग्नाचं होतं. त्यालाही वाटलं होतं मिरगी. मग त्याने उपाय काढला. रोज संध्याकाळी एक पोटली आणायची, चूळ भरायची आणि थुंकून टाकायची. थोडी सदऱ्यावर शिंपडायची. बायको बोलते, शेजारी हसतात, पण कुणी रगताचं नाव काढत नाही.

मिरगी असली तर सोयरीक मोडू म्हणणारा हाच माणूस. तेही भटूच्याच चुलीजवळ बसून.

"मग आमच्याकडे तसं का विचारलंत?" भटूने विचारलं.

किसनला प्रश्न कळला नाही असं दाखवता आलं असतं. भक्तिगीत चालू होतं. पण त्याने उत्तर दिलं.

"दोन्हीकडून आली असती तर नातवंडांचं काय?"

खाली डबा फिरत होता. मग किसनने विचारलं, ती डॉक्टरीण रविवारी बसते का.

ती रविवारी बसत नव्हती. दोघांनी एकेक खाडा केला आणि सोमवारी गेले. डॉ. जरीवालाने किसनला डावीकडे आडवं केलं, त्याचे डोळे पाहिले आणि पुन्हा तशीच खूश झाली. थोड्या वेळाने किसन पायऱ्या उतरून खाली आला. कठड्याला हात न लावता उतरला. खालच्या पायरीवर तो थांबला आणि एकदम चिंतेत पडला.

"आता घरी काय सांगू?" त्याने विचारलं. "दोन वर्षं पितोय."

"सोडली म्हणून सांगा."

"आणि पुन्हा सुटले खडे तर?"

"मग पुन्हा लागली म्हणायचं," भटू म्हणाला. आता त्याला या विषयातलं बरंच कळत होतं. "कुणी काही म्हणत नाही. वाईट वाटतं लोकांना, एवढंच."

किसनने विचार केला. मग म्हणाला, नुसतं घरी सांगून कोण विश्वास ठेवणार? चारचौघांत सांगितलं पाहिजे. तुमच्या मंडळात सचिनचा माणूस चालतो का?

भटू अध्यक्ष होता. त्याने चालतो म्हणून सांगितलं.